संशोधनवृत्ति आणि आमचीं दप्तरें

जुन्या काळच्या इतिहासाचा व वाङ्मयाचा अभ्यास करूं इच्छिणाऱ्या तरुणांस द्रव्यसाहाय्य मिळालें पाहिजे, याविषयीं आपल्या समाजांत आतां फारसें दुमत राहिलेलें नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोग अशा अधिछात्रवृत्त्या देतो. केंद्र सरकारकडून आदिवासी विद्यार्थ्यांसाठीं दरवर्षीं ७५० नव्या वृत्त्या असतात. पुण्याच्या 'सारथी', 'बार्टी' यांसारख्या राज्य सरकारच्या संस्थाही निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांस हात देतात. आयोगाच्या वृत्तीचा दर १ जानेवारी २०२३ पासून पहिल्या दोन वर्षांस दरमहा ३७,००० रुपये व पुढें ४२,००० रुपये असा ठरला. ज्यांनीं स्वतःच्या हातानें रांधून खाऊन, पदरमोड करून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें गोळा केलीं, त्या पिढीस हा आकडा खरा वाटला नसता. तेव्हां 'संशोधनाला पैसा नाहीं' हें आमचें जुनें रडगाणें निदान पूर्वीच्या सुरांत गातां येणार नाहीं.

मग प्रश्न उरतो तो असा कीं, हा पैसा ज्या कामाकरितां दिला जातो, त्या कामापर्यंत तो पोंचतो काय? आमचें उत्तर असें आहे कीं, पुरता पोंचत नाहीं. आणि त्याचें कारण कोणाचा अप्रामाणिकपणा नसून नियमांच्या मुळाशीं असलेली एक समजूत आहे. हे नियम माणसाचें मोजमाप घेतात: त्याचें वय, त्याची पदवी, त्याचे गुण. ज्या कागदांसाठीं हा सारा खटाटोप, त्यांचें मोजमाप मात्र घेतलें जात नाहीं. एवढी एकच गोष्ट या लेखांत आम्हांला सांगावयाची आहे.

आम्ही हें पेठेहून लिहीत आहों. पेठ म्हटल्याबरोबर पुणेकर वाचकांस सदाशिव किंवा शनिवार आठवेल. पण ही पेठ नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेची, सावळ घाटापलीकडे धरमपूरच्या वाटेवरची. आज तें तालुक्याचें गांव आहे. एके काळीं तें एका लहानशा संस्थानाचें ठाणें होतें. संस्थानिक दळवी घराण्यांतले. मूळचे हिंदु, मोंगलाईंत मुसलमान झालेले. १८५७ च्या डिसेंबरांत संस्थानांतील हरसूलचा बाजार कोळ्यांनीं लुटला, पेठेंतही उठाव झाला, आणि गादीवर हक्क सांगणारे भगवंतराव यांस इंग्रजांनीं फांशीं दिलें. पुढें बेगमेच्या मृत्यूनंतर १८७८ सालीं संस्थान खालसा होऊन नाशिक जिल्ह्यांत आलें. आमच्या विद्यार्थ्यांस आपल्या गांवाचा इतिहास विचारला तर एवढाच सांगतां येतो, आणि तोही बहुतेक १८८३ सालच्या इंग्रजी गॅझेटियरांतून उतरत आलेला.

याच्या पलीकडे जावयाचें तर काय करावें लागेल? १६७० च्या ऑक्टोबरांत शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून परत येत असतां वणी-दिंडोरीजवळ मोंगलांशीं लढले. १६७२ सालीं मराठ्यांनीं जव्हार व रामनगर घेतलें. नकाशा उघडून पाहिला तर हा मुलूख दिंडोरी व रामनगर यांच्या मधोमध पडतो. त्या काळच्या घाटवाटांची हकीकत सुरतेच्या इंग्रज वखारीच्या पत्रांतून शोधावी लागेल; मोंगली अमलाची फारशी कागदांतून; पेशवाईंतील व्यवहाराची पुण्याच्या दप्तरांतून, मोडींत; आणि संस्थानाच्या शेवटच्या साठ वर्षांची मुंबईच्या पुराभिलेखागारांतून, इंग्रजींत. शिवाय जें कागदावर कधीं आलेंच नाहीं, तें येथील कोकणा, महादेव कोळी व वारली लोकांच्या तोंडीं आहे. काशाच्या थाळीच्या मध्यावर मेणानें काडी बसवून, ती बोटांनीं ओढीत, त्या सुरावर रात्ररात्र सांगितल्या जाणाऱ्या कथांत तें आहे. बोहाड्याच्या सोंगांत आहे. डोंगऱ्या देवाच्या गाण्यांत आहे. एका लहानशा तालुक्याच्या तीनशें वर्षांसाठीं चार भाषा, दोन-तीन लिप्या आणि एक थाळी इतकी सामग्री लागते. युरोपांतील पंडित ज्याला 'आरंभिक अर्वाचीन काळ' म्हणतात, तो आमच्याकडे असा विखुरलेला पडला आहे.

आतां आपल्याकडील वृत्तींचा पूर्वेतिहास पाहूं. विद्वानांस राज्याच्या तिजोरींतून पैसा देण्याची चाल आम्हांला नवी नाहीं. दाभाड्यांची श्रावणमासांतील दक्षिणा पहिल्या बाजीरावानें पुण्यास चालू ठेवली. १८१८ नंतर एल्फिन्स्टननें ती एकदम तोडली नाहीं. तिच्यांतूनच १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ च्या सुमारास लोकहितवादी प्रभृति सुधारकांनीं असा अर्ज केला कीं, या पैशांतून मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस, जात न पाहतां, बक्षिसें द्यावीं. जुनें शास्त्रीमंडळ खवळलें; तरी दक्षिणा प्राइझ कमिटी निघालीच. पुढें याच पैशांतून कॉलेजांत 'दक्षिणा फेलो' नेमूं लागले. रामकृष्णपंत भांडारकर व माधवराव रानडे हे दोघेही तरुणपणीं या वृत्तीवर होते. तेव्हां माणूस पाहून दिलेली वृत्ति वायांच जाते असें आम्ही म्हणत नाहीं. भांडारकरांस त्या वृत्तीमुळें संस्कृताकडे वळतां आलें, आणि त्यांतून दक्षिणेच्या प्राचीन इतिहासाला पाया मिळाला.

परंतु या शंभर-सवाशें वर्षांच्या हकीकतींत एक गोष्ट ध्यानांत येते. प्रत्येक पायरीवर वाद झाला तो 'पैसा कोणाला द्यावा' याविषयीं. आधीं तो वेदपाठी ब्राह्मणाला मिळे, मग ग्रंथकर्त्याला, मग पदवीधराला. पात्रतेचें वर्तुळ रुंदावत गेलें, हें न्यायाचेंच झालें. आजच्या वृत्त्यांत तें आणखी रुंदावलें आहे, आणि आमच्या तालुक्यांतील मुलामुलींस त्याचा लाभ होतो म्हणून आम्ही त्याचें मनापासून स्वागत करितों. पण 'कोणतें दप्तर आधीं वाचलें पाहिजे, आणि तें वाचावयास काय लागेल' हा प्रश्न या वादांत मागेंच पडला.

तो विचारला तो वृत्ति नसलेल्या माणसांनीं. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला, आणि असे २२ खंड झाले. वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकवीत, आणि उरलेल्या वेळांत पटवर्धनी दप्तर वाचून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापीत. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें. १९२६ च्या अखेरीस राजवाडे धुळ्यास वारले, तेव्हां लगेच १९२७ सालीं तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. या माणसांच्या दारिद्र्याचे पोवाडे गाण्याची आम्हांला खोड लागली आहे. ती बरी नव्हे. एका राजवाड्यामागें किती जण पोटापायीं मध्येंच थांबले असतील, याचा हिशेब कोणीं ठेवला आहे? त्यांचें दारिद्र्य अनुकरणीय नाहीं. अनुकरणीय आहे ती त्यांची कामाची रीत: आधीं दप्तर, मग त्याची याद, मग नक्कल, मग छपाई, आणि सगळ्यांच्या शेवटीं सिद्धान्त.

आणि याच रीतीला सरकारी पैशाची जोड मिळाली म्हणजे काय होतें, याचाही दाखला आपल्याकडेच आहे. पेशवे दप्तर पुष्कळ वर्षें अभ्यासकांस जवळजवळ बंदच होतें. पुढें मुंबई सरकारनें त्यांतील निवडक कागद छापण्याचें ठरविलें, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या अवधींत ४५ भाग बाहेर पडले. या निवडींत उणीवा आहेत, आणि त्या पुढील अभ्यासकांनीं दाखविल्याही आहेत. तरी गेल्या नव्वद वर्षांत मराठेशाहीवर लिहिणाऱ्याला या ४५ भागांवांचून पाऊल टाकतां आलेलें नाहीं. येथें पैसा माणसाच्या नांवें मंजूर झाला नव्हता. तो एका दप्तराच्या नांवें मंजूर झाला होता, आणि मग त्याला योग्य माणूस शोधला गेला. हा योग्य माणूस बडोद्याच्या नोकरींतून निवृत्त झालेला, पासष्टीच्या घरांतला होता.

वयाचा उल्लेख आम्हीं मुद्दाम केला. आयोगाच्या कनिष्ठ वृत्तीस सर्वसाधारण उमेदवाराचें वय ३० च्या आंत असावें लागतें. स्त्रियांस व मागास वर्गांस पांच वर्षांची सवलत आहे. साधनांचा पहिला खंड निघाला तेव्हां राजवाडे पस्तिशीस टेकले होते. खरेशास्त्री आपला लेखसंग्रह काढूं लागले तेव्हां चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. सरदेसाईंचें वर सांगितलेंच. तिघांपैकीं एकही या नियमांत बसला नसता. तरुणांस संधि मिळावी म्हणून वयाची अट असते हें आम्ही जाणतों, आणि रसायनशास्त्रांत ती शोभतही असेल. परंतु जुन्या कागदांचा अभ्यास हा उशिरा पिकणारा अभ्यास आहे. पंचवीस वर्षें शाळेंत मराठी शिकवून ज्याच्या कानांत जुनी भाषा मुरली आहे, तो शिक्षक या कामाला पोक्त होतो त्या वेळीं नियमाच्या दाराबाहेर गेलेला असतो.

दुसरी अडचण परीक्षेची. आयोगाची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची आहे. चार उत्तरांतून एक निवडणें ही कांहीं हलकी गोष्ट नव्हे. पण मोडीचा कागद चार उत्तरें समोर ठेवीत नाहीं. मोडींत आधीं सबंध ओळीची रेघ ओढलेली, तिच्याखालीं अक्षर अक्षराला जोडून गेलेलें, शब्द कोठें संपला तें आपण ठरवावयाचें. तारीख हवी तर लेखक 'इहिदे सबैन मया व अलफ' असें अरबी संख्यांत सांगतो. म्हणजे एक, सत्तर, शंभर व हजार, मिळून सुहूर सन ११७१. त्यांत ५९९ किंवा ६०० मिळवावे तेव्हां १७७०-७१ हें इसवी साल हातीं येतें. हें वाचन अंगवळणीं पडावयास वर्ष-दोन वर्षें रोज कागद समोर पाहिजे. पुराभिलेख खात्यातर्फे व इतर संस्थांतर्फे मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग भरतात, आणि त्यांना गर्दीही होते. पण दहा-पंधरा दिवसांत अक्षरओळख होते; दप्तर वाचतां येत नाहीं. वृत्तीच्या पांच वर्षांत या शिकण्याला निराळी जागा नाहीं. विषय नोंदवा, प्रगतीचा अहवाल द्या, निबंध छापा, प्रबंध द्या: घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू होतें. मग शहाणा विद्यार्थी काय करतो? तो छापील साधनांवर भागेल असा विषय घेतो. त्याला दोष कसा द्यावा?

आम्हांला तर मुळींच देतां येणार नाहीं, कारण आम्हीं स्वतः तेंच केलें. आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे पदवीधर. तरुणपणीं आम्हांलाही एक लहानशी वृत्ति मिळाली होती. विषय होता सतराव्या शतकांतील इंग्रजी गद्य व मराठी बखर यांची तुलना. इंग्रजी बाजूसाठीं आम्हीं त्या काळचीं चोपडीं मूळ शब्दलेखनासह वाचलीं. मराठी बाजूसाठीं छापील बखरींवर भागविलें. सभासदानें जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली, तिचीं हस्तलिखितें कोठें आहेत, त्यांत पाठभेद कोणते, हें पाहण्याची आमच्यावर कोणीं सक्तिही केली नाहीं. प्रबंध मान्य झाला, नोकरी लागली. पुढें पेठेस आल्यावर एका विद्यार्थ्यानें घरांतला एक जीर्ण मोडी कागद आमच्यापुढें ठेवला आणि मोठ्या विश्वासानें विचारलें, "सर, यांत काय लिहिलें आहे?" आम्हांला तारखेची ओळसुद्धां लागली नाहीं. लंडनच्या छापखानेवाल्यांचें सतरावें शतक आम्ही वाचूं शकत होतों. समोरच्या मुलाच्या आज्याचें घर वाचूं शकत नव्हतों. त्या दिवशीं वाटलेली शरम अजून गेलेली नाहीं, आणि हा लेख त्या शरमेंतूनच लिहिला गेला आहे.

तिसरी अडचण विषयांच्या कुंपणाची. बखर, पोवाडा, महानुभावांचा किंवा नाथपंथाचा ग्रंथ, ख्रिस्ती पुराण, हें इतिहासाचें साधन कीं वाङ्मय? त्या काळच्या माणसाला हा भेद ठाऊक नव्हता. पण वृत्तीच्या अर्जावर एकच खण भरावयाचा असतो. आमच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतों. कोकणा शेतकऱ्याचा हा मुलगा. थाळीवर कथा सांगणाऱ्या आपल्या आजोबांच्या मागें लहानपणीं रात्री जागलेला. पेठ-धरमपूरच्या जुन्या वाटा, त्यांवरचीं ठाणीं व नाकीं या कथांत कशीं येतात, तें टिपून घ्यावें आणि मोडी कागदांशीं ताडून पाहावें, असा त्याचा बेत होता. एका वृत्तीसाठीं त्यानें अर्ज केला. इतिहासाच्या परीक्षकांनीं सांगितलें, ही लोकवाङ्मयाची बाब आहे. मराठीच्या परीक्षकांनीं सांगितलें, ही इतिहासाची बाब आहे. दुसऱ्या खेपेस त्यानें मोडी शिकून अर्ज केला, तोंवर वय उलटून गेलें होतें. आज तो एका आश्रमशाळेंत शिक्षक आहे. आजोबा मागल्या पावसाळ्यांत गेले. त्यांच्या कथांपैकीं दोनच त्यानें स्वतःच्या खर्चानें लिहून घेतल्या आहेत. बाकीच्या कोणाच्या प्रबंधाच्या टीपेंतही यावयाच्या नाहींत.

दुसरीकडे काय करतात, तेंही पाहावें. अमेरिकेंत वॉशिंग्टनला फोल्जर ग्रंथालय आहे. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ सालच्या पहिल्या संग्रहाच्या ८२ प्रती त्यानें जमविल्या आहेत. कॅलिफोर्नियांत हंटिंग्टन, शिकागोस न्यूबेरी अशीं आणखी ग्रंथालयें आहेत. त्यांच्याही दीर्घ मुदतीच्या वृत्त्या आहेत. पण आम्हांला विशेष वाटते ती त्यांच्या थोड्या महिन्यांच्या वृत्तींची. अर्जदारानें सांगावयाचें तें एवढेंच कीं, तुमच्या संग्रहांतील अमुक कागद मला पाहावयाचे आहेत, आणि ते तुमच्याशिवाय इतरत्र मिळण्यासारखे नाहींत. पैसा त्या कागदांजवळ येऊन बसण्यासाठीं. म्हणजे तेथें वृत्तीचा खरा धनी संग्रह आहे; माणूस हा त्याचा पाहुणा. त्या देशाची श्रीमंती आम्हांला आणतां येणार नाहीं. ही व्यवस्था आणावयास मात्र श्रीमंती लागत नाहीं.

हिशेबच करून पाहूं. घरभाडें वगैरे सोडून आयोगाच्या एका वृत्तीवर पांच वर्षांत बरोबर २४ लाख रुपये खर्च होतात. तेवढ्याच पैशांत ३७,००० रुपये दरानें तीन-तीन महिन्यांच्या २१ वृत्त्या निघतात. दर शंभर दीर्घ वृत्तींमागें पांच जरी अशा मोडून दप्तरांच्या नांवें लावल्या, तरी १०५ जणांस पुण्यास, धुळ्यास, मुंबईस किंवा पेठेसारख्या ठिकाणीं तीन महिने बसून काम करतां येईल. त्यांस वयाची अट नको, पदवीचीही नको. एक मोडी कागद समोर वाचून दाखविला, किंवा एक कथा तिच्या बोलीसह नीट उतरून दाखविली, म्हणजे परीक्षा झाली. आणि त्यांच्याकडून प्रबंध मागूं नये; याद मागावी. अमुक रुमालांतील अमुक इतके कागद, त्यांच्या तारखा, कोणाचें कोणास, विषय काय, आणि निवडक कागदांची बिनचूक नक्कल. कथा असेल तर सांगणाऱ्याचें नांव वर, लिहून घेणाऱ्याचें खालीं. आणि सांगणाऱ्यासही गुरु म्हणून मानधन.

यावर असें म्हणतील कीं, सार्वजनिक पैशाला पदवीचा व परीक्षेचा अंकुश नको काय? हवाच. पण शंभर कागदांची याद खरी कीं खोटी, हें कोणीही दप्तर उघडून ताडून पाहूं शकतो. तीनशें पानांच्या प्रबंधांत 'नवें ज्ञान' आहे कीं नाहीं, हें ठरविणें किती अवघड आहे, तें आम्हां परीक्षकांस पक्कें ठाऊक आहे. दुसरा आक्षेप असा कीं, नुसत्या यादी करणें हें कारकुनाचें काम; संशोधकाला विचार पाहिजे. हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. त्र्यंबक शंकर शेजवलकरांस १९३९ सालीं निघालेल्या डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेनें पगारी जागा दिली, आणि १९४६ सालीं त्यांचा पानिपतावरील ग्रंथ बाहेर आला. तसा ग्रंथ तीन महिन्यांच्या वृत्तीवर होत नसतो. त्याला स्थैर्य, सहवास आणि वर्षांची स्वस्थता लागते. म्हणून दीर्घ वृत्ति बंद करा असें आम्हीं म्हटलेलें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पानिपतावर विचार करावयास शेजवलकर बसले, त्याच्या आधीं अर्धशतक राजवाडे व त्यांच्यासारखे लोक पानिपतचीं पत्रें वेंचीत हिंडले होते. ज्याला आपण कारकुनी म्हणतों, तिच्याच खांद्यावर विचार उभा राहतो. आज वरच्या मजल्याला पैसा आहे. पायाच्या दगडांना नाहीं.

आणि हा पाया वाट पाहत थांबणारा नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून व कचेऱ्यांतून गेली. ती सहज वाचणारी पिढी आतां जवळजवळ संपली आहे. कागदाला कसर लागते, वाळवी लागते, वाटण्या होतांना तो रद्दींत जातो. थाळीवर सांगणारा तर कागदाहूनही नाजूक. त्याची दुसरी प्रत नसते.

सावळ घाटांतून पावसाळ्यांत खालीं येतांना धुकें इतकें दाटतें कीं, गाडीवाला दिवे लावून सावकाश चालतो, आणि वळणावळणावर थांबून कानोसा घेतो. या मुलुखाच्या जुन्या काळांत शिरावयाचें तर तशीच चाल पाहिजे. वृत्ति देणाऱ्यांनीं प्रवाशाची उंची, वजन व वय विचारावें. त्यास आमची हरकत नाहीं. पण त्याला कोठें जावयाचें आहे आणि तेथें त्याची वाट कोण पाहत आहे, हेंही एकदां विचारावें. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या घरीं तो मोडी कागद अजून फडक्यांत बांधून ठेवलेला आहे. आम्ही पन्नाशीनंतर मोडी शिकावयास बसलों आहों. तारखेची ओळ लागली आहे, पुढची लागावयाची आहे.